दांडीवर फोडलेला नारळ

त्या बोटीचं स्टिअरिंग बिघडल्याचा फोन आला तेव्हा पलीकडच्या मॅनेजरसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमचा माणूस कधी पाठवता?" मी म्हटलं, "मीच येते." त्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "नाही मॅडम, म्हणजे काम थोडं टेक्निकल आहे." खरं तर तिथेच फोन आपटायला हवा होता. पण बोट मी तोवर कधी दुरुस्त केली नव्हती, आणि कधी न केलेलं काम समोर आलं की मी माझा अपमान तेवढ्यापुरता बाजूला ठेवते. तो मला नंतर आठवतो, आणि चांगला आठवतो.

माझं काम हायड्रॉलिक्सचं. म्हणजे तेलाच्या दाबावर जे जे वर-खाली किंवा डावं-उजवं होतं, ते सगळं. भोसरीच्या एका कारखान्यात मी उमेदीची वर्षं सिलिंडर तपासण्यात घालवली. मग देशाचे दरवाजे उघडले, बाहेरून तयार सिलिंडर यायला लागले आणि आमचं खातं बंद झालं. कसबा पेठेत आमच्या घराखालच्या खोलीत मी एक टेबल टाकलं, वस्तू घट्ट धरून ठेवणारा एक व्हाइस बसवला आणि पाटी लावली. दाताच्या डॉक्टरांच्या खुर्च्या, दवाखान्यातल्या खाटा, गॅरेजमधले गाड्या उचलणारे लिफ्ट, असली कामं येत. गिऱ्हाईक आत डोकावून आधी विचारी, "मिस्त्री आहेत का?" मी "नाहीत" म्हणे आणि काम करत राही. बोळ अरुंद असल्यामुळे परत चाललेलं गिऱ्हाईक कोपऱ्यावर चौकशी करून ओशाळ्या चेहऱ्यानं पुन्हा येताना दिसे.

हिंजवडीला काचेच्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या, त्या वर्षांतली ही गोष्ट. शनिवार-रविवारी तिथली पोरंपोरी बसेस भरून खडकवासल्याकडे येत. त्याला 'टीम आउटिंग' म्हणत. आठवडाभर शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून एकमेकांना ईमेल करणाऱ्या माणसांना तोंडानं बोलायची सवय लागावी, यासाठी कंपनी त्यांना पाण्यावर आणून सोडी. धरणाच्या मागच्या पाण्याला लागून एक रिसॉर्ट याच गिऱ्हाइकीवर उभं राहिलं होतं. तिथे एक मोठी बोट होती, पांढरीशुभ्र, फायबरची, मागे दोन इंजिनं टांगलेली. बोट परदेशी होती, हे मला तिथे पोहोचल्यापासून निघेपर्यंत जो तो सांगत होता.

मॅनेजरसाहेब तिशी नुकती ओलांडलेले, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. स्वतःच्याच रिसॉर्टमध्ये त्यांना कोण ओळखत नव्हतं कोण जाणे. त्यांनी मला हकिगत सांगितली. गेल्या शनिवारी बोट पाहुणे घेऊन परत येत होती. धक्क्याजवळ स्टिअरिंगचं चक्र उजवीकडे पूर्ण फिरवलं तरी बोट वळली नाही. ती धक्क्याला जाऊन धडकली. एक मुलगी गुडघ्यांवर पडली, कुणाचा तरी लॅपटॉप पाण्यात गेला. मुलीच्या गुडघ्याबद्दल साहेब एक वाक्य बोलले आणि लॅपटॉपबद्दल बराच वेळ.

"ड्रायव्हरचीच चूक आहे," ते म्हणाले. "दणादण फिरवतो स्टिअरिंग. ट्रॅक्टर समजतो. मालक शुक्रवारी येतायत, त्याला काढूनच टाकणार आहेत. तुम्ही फक्त तसं एकदा सांगा, की रफ हँडलिंगमुळे झालंय."

"अजून मी बोट पाहिलेली नाही," मी म्हटलं.

"ते बघा हो तुम्ही. पण कारण तेच आहे."

हायड्रॉलिक स्टिअरिंग चक्र जोरात फिरवल्यानं बिघडत नाही, हे या गृहस्थांना सांगण्यात अर्थ नव्हता. चक्राच्या मागे एक छोटा पंप असतो. चक्र फिरवलं की तो तेल ढकलतो, तेल नळीतून मागे जातं आणि इंजिनांपुढच्या सिलिंडरला डावीकडे किंवा उजवीकडे सरकवतं. हे सिलिंडर एका चकचकीत दांडीवरून सरकतं. दोन्ही इंजिनं जोडपट्टीनं एकमेकांना बांधलेली, त्यामुळे एक वळलं की दुसरंही वळतं. सगळी मदार त्या दांडीच्या गुळगुळीतपणावर आणि तिला घट्ट बिलगून बसलेल्या रबरी सीलवर. सील शाबूत तर तेल आत, तेल आत तर बोट ताब्यात. आमच्या कारखान्यात नव्या मुलांना आम्ही पहिल्या दिवशी एवढंच शिकवत असू, आणि ते कुणालाही कळे.

धक्क्यावर बोट चालवणारा माणूस उभा होता. चाळिशी उलटलेला, उन्हानं रापलेला, पायात रबरी चप्पल. धरणाच्या पाण्याकाठच्या एका गावचा. आधी तो त्याच पाण्यात माणसं आणि दुधाचे कॅन नेणारी लाकडी होडी वल्हवत असे. मग पलीकडे रस्ता झाला, होडी बंद पडली आणि रिसॉर्टनं त्याला या बोटीवर घेतलं. मी आले म्हटल्यावर त्यानं आधी बोट दोरीनं ओढून धक्क्याला लावली, मला आत उतरायला हात दिला आणि मग म्हणाला, "ताई, उजव्या अंगाला गेलं की ढिलं पडतंय. डाव्या अंगाला बरं हाय."

रोगाचं वर्णन करणाऱ्या पेशंटनं डॉक्टरला जेवढी मदत करावी, तेवढी मदत त्या एका वाक्यानं झाली. साहेबांनी मला फोनवर आणि समोर मिळून जे काही सांगितलं होतं, त्यात डावं-उजवं कुठेच नव्हतं. ते पाण्यापासून चार हात लांब, सावलीत उभे होते.

मी वाकून मागे पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. सिलिंडरच्या एका टोकातून तेल गळत होतं आणि बोटीच्या मागच्या भिंतीवरून ओघळून थेट पाण्यात पडत होतं. पाण्यावर सप्तरंगी तवंग पसरला होता. हे पाणी सबंध पुणं पितं. माझ्या घरी सकाळी जे नळाला येतं आणि ज्यासाठी मी पहाटे उठून पिंप भरते, ते हेच.

"हे किती दिवस गळतंय?" मी ओरडूनच विचारलं.

"दसऱ्याच्या बाद," तो म्हणाला. "आदी थेंब थेंब व्हतं. मी साहेबास्नी सांगितलं. मंग साहेबांनी तेल आणून दिलं, ते टाकत ऱ्हायलो."

कोणतं तेल, तर गॅरेजमधून आणलेलं ब्रेक ऑइल. सावलीतून साहेब म्हणाले, "हायड्रॉलिकच असतं ना ते पण?" मी त्यांच्याकडे पाहिलं. ब्रेक ऑइल या सीलच्या रबराला सोसत नाही, ते फुगतं आणि मऊ पडतं. म्हणजे गळती थांबवण्यासाठी या सद्गृहस्थांनी असं औषध दिलं होतं की रोग दुणावला. आणि त्यांना ते कळावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. माझी अपेक्षा एवढीच होती की ज्याला कळत नाही त्यानं कुणाला तरी विचारावं. त्यांनी विचारलं नाही. पाहुणे भरलेली बोट त्यांनी तशीच महिनाभर पाण्यात सोडली, आणि ती धडकल्यावर चक्र धरणाऱ्या माणसाकडे बोट दाखवलं.

दांडी मी फडक्यानं पुसली. खरं तर पुसण्यासारखं फार नव्हतंच. फेरी संपली की बोटवाला रोज दांडी कोरडी करत होता, तिच्यावर ग्रीसचा हात फिरवत होता, हे दिसतच होतं. जोडपट्टीचे बोल्टही घट्ट होते. परदेशी बोटीला असा माणूस मिळणं हे तिचं नशीब, असं मला तेव्हा वाटलं. मग मी दांडीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. कारखान्यात आम्ही असंच करत असू, डोळ्याला न दिसणारी गोष्ट नखाला कळते. उजव्या बाजूला, टोकापासून जरा अलीकडे, नख अडलं. तिथे एक खोक होती. लहानशी, तांदळाच्या दाण्याएवढी, पण कड वर आलेली, धारदार. चक्र उजवीकडे पूर्ण फिरवलं की सील बरोबर त्या खोकेवरून जात होतं आणि दर खेपेला थोडं थोडं कापलं जात होतं.

चक्र फिरवून दांडीला खोक पडत नाही. तिच्यावर कुणीतरी काहीतरी आपटावं लागतं.

मी सिलिंडर आणि दांडी दोन्ही उतरवून घेतली, नळ्यांची तोंडं फडक्यानं बांधली आणि सगळं स्कूटरच्या पुढच्या जागेत घालून घरी आणलं. सिंहगड रस्त्यावर तेव्हा खोदकाम चाललं होतं. कसलं ते आठवत नाही, तिथे ते नेहमीच चाललेलं असतं. दर खड्ड्यात मी स्वतःशी एकेक वाक्य तयार करत होते, साहेबांना सुनवायला. त्यातली बरीचशी इथे लिहिण्यासारखी नाहीत.

खालच्या खोलीत व्हाइसला धरून सिलिंडर उघडलं. सील बाहेर काढलं तर त्याच्या ओठाखाली एक लांबट तपकिरी केस अडकलेला. मी चिमट्यानं उचलून उजेडात धरला. तो केस नव्हता, काथ्या होता. नारळाची शेंडी. आणि बाहेरची धूळ अडवणारी जी कडी असते, तिच्या खाचेत पिवळं काहीतरी घट्ट बसलं होतं. बोटावर घेऊन वास घेतला. हळद!

आता सांगते, म्हणजे गैरसमज नको. खंडेनवमीला मी स्वतः पाने, हातोड्या, केसाची जाडी मोजणारा मायक्रोमीटर पाटावर मांडते. हळदकुंकू वाहते, झेंडूचं फूल ठेवते, आणि आमच्या उंबऱ्याबाहेरच्या दगडावर नारळ फोडते. वर्षभर जे हातात घेऊन आपण पोट भरतो, त्याला एक दिवस हात जोडावे, यात मला कधी काही चूक वाटलेली नाही. पण नारळ फोडायला दगड असतो. मायक्रोमीटरवर नारळ फोडला तर तो मायक्रोमीटर उरत नाही. इतकी साधी गोष्ट या जगात कुणाला सांगावी लागेल, असं मला वाटलं नव्हतं.

मी भोसरीला जाऊन नवी दांडी घासून, पॉलिश करून आणली, सगळी सीलं बदलली आणि गुरुवारी सगळं घेऊन पुन्हा रिसॉर्टवर गेले. बोटवाला धक्क्यावर बसून होता. बोट बंद असल्यामुळे त्याला काम नव्हतं, आणि उद्याचा शुक्रवार त्याला माहीत होता. मी त्याच्यासमोर काथ्या धरला.

त्यानं तो बोटांत धरून पाहिला. मग म्हणाला, "नारळ मीच फोडला, ताई."

"इथे? दांडीवर?"

"व्हय."

"का पण? धक्क्याला एवढे दगड आहेत!"

 मी रागावले, दरडावलं, शेवटी नुसतीच त्याच्या शेजारी बसून राहिले, तेव्हा त्यानं सांगितलं. तो दगडावरच फोडणार होता. पण पूजेला साहेब आले होते आणि कॅमेरा घेऊन एक माणूस आला होता. साहेब म्हणाले, नारळ बोटीवर फोडायचा, दगडावर फोडला तर बोटीची पूजा कशी होईल? मग यानं बोटीच्या पुढच्या टोकावर नारळ उगारला. तर साहेब ओरडले, फायबरवर नको, चरा पडेल, परदेशी बोट आहे. इंजिनाच्या टोपणावर नको, ते प्लॅस्टिकचं आहे. "तिकडं मागं लोखंड हाय, त्याच्यावर फोड, म्हनले. मी म्हनलो, साहेब, ती दांडी हाय. तर म्हनले, लोखंडाला काय हुतंय!"

"मग हे तू आत्तापर्यंत सांगितलं का नाहीस?"

"कुनी इचारलंच न्हाई. आन् नारळ माझ्याच हातात व्हता की."

मला त्याचा असा राग आला की विचारू नका. ज्याच्यावर अन्याय होतो त्यानं निदान चिडावं तरी! मी उठले आणि तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते एसीत बसले होते. मी काथ्या त्यांच्या टेबलावरच्या काचेवर ठेवला आणि सगळं सांगितलं.

"मी असं काही सांगितलेलं नाही," साहेब म्हणाले. अगदी शांतपणे. "मी कशाला सांगेन? आणि मॅडम, प्लीज, पूजेचं वगैरे मध्ये आणू नका. लोकांच्या भावना असतात."

"भावना दांडीवर नव्हत्या आपटल्या. नारळ आपटला होता."

"तुम्ही काम पूर्ण करा. बाकीचं आम्ही बघतो."

हे 'आम्ही बघतो' मी कारखान्यातही खूप ऐकलं आहे. ते म्हणणारा पुन्हा त्या गोष्टीकडे ढुंकूनही बघत नाही.

तेव्हा मी ठरवलं की काम पूर्ण करायचं, पण माझ्या पद्धतीनं. नळ्या धुऊन त्यांतलं ब्रेक ऑइल थेंबाथेंबानं काढलं आणि सिलिंडर बसवलं. त्यानंतर नळ्यांमधली सगळी हवा काढावी लागते. हवा राहिली तर चक्र स्पंजासारखं मऊ लागतं, आणि बोट ऐन वेळी दगा देते. हे एकट्याचं काम नव्हे. एकानं चक्र हळूहळू फिरवायचं, एकानं मागे सिलिंडरची निपल, म्हणजे हवा सोडायची छोटी तोटी, उघडायची-बंद करायची, आणि एकानं चक्रापाशी तेलाची बाटली उलटी धरायची, म्हणजे पंप कोरडा पडत नाही. मी शुक्रवारी सकाळी साहेबांना सांगितलं, "चक्रावर हाच माणूस लागेल, दुसरा चालणार नाही. आणि बाटली तुम्ही धरायची."

"मी?"

"मालक दुपारी येतायत ना? बोट तयार हवी असेल तर धरा."

धरली. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर करून, गळ्यातलं ओळखपत्र पाठीवर टाकून धरली. बोटवाल्यानं चक्र डावीकडे नेलं. मी निपल उघडली, नळीतून फसफस फेस आला, मग बुडबुडे, मग सलग तेल. "थांब." बंद. आता उजवीकडे. तो माझ्या आवाजाच्या अर्ध्या क्षण आधीच थांबत होता, कारण हवा गेल्याचं त्याला चक्रातून हाताला कळत होतं. साहेबांनी एकदा बाटली कलती केली आणि तेल त्यांच्या कोपरापर्यंत गेलं. मला आनंद झाला. लपवत नाही.

मग चाचणी. बोट खोल पाण्यात नेऊन, दोन्ही इंजिनं चालू ठेवून, चक्र दोन्ही टोकांना न्यायचं. साहेबांना यायचं नव्हतं. त्या परदेशी बोटीत ते कधी बसलेच नव्हते, हे तेव्हा कळलं. मी म्हटलं, "तुम्ही स्वतः खात्री केल्याशिवाय मी बोट ताब्यात देणार नाही." जीवरक्षक जाकीट घालून आणि त्याचे पट्टे तीनतीनदा ओढून ते बसले.

बोटवाल्यानं ती बोट अशी काही नेली की मी राग विसरून पाहत राहिले. चक्रावर दोन बोटं. डावीकडे एक मोठा गोल, मग उजवीकडे तसाच. उजवीकडे पूर्ण टोकाला चक्र नेऊन त्यानं ते तिथेच धरून ठेवलं आणि माझ्याकडे वळून मान हलवली. मी मागे वाकून दांडी पाहिली. कोरडी ठणठणीत. सगळ्यात खोल पाण्यात त्यानं इंजिनं बंद केली. तिथे एकदम शांत होतं, लांबवर धरणाची भिंत दिसत होती आणि आम्ही तिघंच होतो. साहेब काठ घट्ट धरून बसले होते. पण भीती ओसरल्यावर माणूस जसा सैल होतो, तसे ते सैल झाले.

"भारी चालतेय," ते म्हणाले. मग आपण होऊनच म्हणाले, "अहो, सांगितलं असेल मी त्या दिवशी. फोटोवाला घाई करत होता. मला काय माहीत त्या दांडीचं एवढं असतं?"

मी म्हटलं, "हेच मालकांना सांगा. एवढंच."

"सांगतो ना."

 बोटवाल्यानं पाण्यात हात घालून तोंडावरून फिरवला आणि इंजिनं सुरू केली. धक्क्याला बोट त्यानं अशी लावली की बांधायची दोरी साहेबांच्या हाताशी आली.

मालक धक्क्यावर उभे होते. साठीचे, पांढरे कपडे, हातात दोन मोबाईल. त्यांच्यामागे रिसॉर्टचे आठ-दहा नोकर. त्यांनी विचारलं, "काय झालं होतं मग?"

साहेब जाकीट काढत म्हणाले, "सर, ड्रायव्हरनं पूजेच्या दिवशी नारळ मशीनवर फोडला. त्यानं डॅमेज झालं. आता ओके आहे."

या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी आयुष्यात पुष्कळ खोटं ऐकलं आहे, पण इतकं खरं बोलून केलेला लबाडपणा त्याआधी ऐकला नव्हता. पाच मिनिटांपूर्वी पाण्यावर जे तोंडातून आलं होतं, ते काठाला पाय लागताच गिळून टाकलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "कुणाच्या सांगण्यावरून फोडला, तेही सांगा. आत्ता बोटीत कबूल केलंत, ते इथे बोला."

साहेब मोबाईलकडे पाहू लागले. मालक हसले. "मॅडम, देवाच्या कामात कोण कुणाला सांगतं? भावनेच्या भरात होतं."

"आणि महिनाभर ब्रेक ऑइल घातलं, ते कुणाच्या भावनेच्या भरात?"

"तुम्ही काम उत्तम केलंत. थँक यू," मालक म्हणाले, आणि बोटवाल्याकडे वळले. "हे बघ, तुला काढत नाही मी. घाबरू नकोस. पण त्या लॅपटॉपवाल्या कंपनीला आपण ॲक्शन घेतली असं कळवायला लागेल. बोट नको आता तुला. गेटवर ये. बसेस लावायला माणूस हवाच आहे." नोकरांमध्ये कुजबुज झाली, मालक किती मोठ्या मनाचे म्हणून. कुणीतरी बोटवाल्याच्या पाठीवर थाप मारली. मी त्याच्याकडे पाहत होते. आता तरी हा बोलेल. दोन वाक्यं. एक वाक्य.

त्यानं बोटीची किल्ली खिशातून काढली. तिला बुडू नये म्हणून बुचाचा गोळा बांधलेला होता. ती त्यानं मालकांच्या हातात दिली आणि म्हणाला, "उजव्या अंगाला आता ढिलं न्हाई पडत, सायेब. जो ईल त्याला सांगा, दांडी रोज पुसायची."

नवा चालक कोकणातून यायचा होता, तो कधी येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे मी सगळी हवा काढून, दांडी बदलून चोख केलेली बोट धक्क्याला बांधून पडणार होती, आणि ती चालवता येणारा त्या परिसरातला एकुलता एक माणूस कोरड्या जमिनीवर उभा राहणार होता. यात कुणाचा फायदा झाला, हे मला आजतागायत कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. मी हत्यारं पिशवीत कोंबली. साहेबांनी चहाला विचारलं. मी म्हटलं, "तेल हातावरून साबणानं जातं." एवढंच सुचलं. त्या खड्ड्यांमध्ये तयार केलेली सगळी वाक्यं ऐन वेळी कुठे गेली कोण जाणे.

स्कूटर सुरू करून फाटकाशी आले तर तो तिथे होता. इतक्यात त्याला शिट्टीही दिली होती, गळ्यात नव्या कोऱ्या लाल दोरीत. हिंजवडीहून आलेली एक लांबलचक बस आत शिरत होती आणि फाटक एका वेळी एकच वाहन जाईल एवढं. मी बाजूला थांबले. बस अर्धी आत आली होती. त्यानं मला पाहिलं, बसच्या समोर जाऊन उभा राहिला आणि हात वर केला.

ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. खिडकीतून पोरं ओरडायला लागली, "ओ काका, सरका ना!" त्यानं दुसऱ्या हातानं, चक्र टोकाला नेई तितक्याच सावकाश, खूण करून बस मागे घ्यायला लावली. बस इंचाइंचानं मागे गेली. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "या ताई."

संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि समोरचं नीट दिसत नव्हतं, त्यामुळे मी फार हळू निघाले. हॉर्न वाजतच होता. मी पार रस्त्याला लागेपर्यंत त्यानं हात खाली घेतला नाही.